एकसष्ट किलो चारशे

८ फेब्रुवारी

ताई,

शिरसाष्टांग दंडवत घालणार होतो, पण पाठ वाकत नाही. तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार.

पोचलो. मेलो नाही. जागा म्हणजे बंद पडलेला साबणाचा कारखाना आहे. भिंतींना अजून वास येतो, त्यामुळे कितीही घाम गाळला तरी आम्ही सगळे नुकतेच धुऊन वाळत घातल्यासारखे. बारा जण आहोत. एक बेकरीवाला आहे, एक दातांचा डॉक्टर, एक शाळेचा शिपाई, बाकीचे अजून धापा टाकण्यापलीकडे बोललेले नाहीत. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. ते ओरडत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

पहाटे साडेचारला शिट्टी. अंगावर गार पाण्याची बादली, मग पाच किलोमीटर पळायचं, मग कोपरांवर चिखलातून सरपटायचं, मग दोर. दोरावर मी अजून चढलेलो नाही, नुसता लटकलोय. आणि हे सगळं झाल्यावर पिठ्ठू. पिठ्ठू म्हणजे पाठीवरची सैनिकी पिशवी. तिच्यात घालायचं वजन प्रत्येकानं घरून आणायचं होतं, वीस किलो. कुणी विटा आणल्या, कुणी वाळू, दातांच्या डॉक्टरानं जाडजूड पुस्तकं आणली. मी आपल्या काटे-दुरुस्तीच्या दुकानातली दहा-दहा किलोची दोन लोखंडी वजनं आणलीत, हे तुला एव्हाना कळलं असेलच. शिव्या सविस्तर लिही. इथे कुणी पत्रं फोडत नाही.

उस्तादांनी दाभण घेऊन प्रत्येक पिठ्ठूचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं. आता आठ आठवडे ते फक्त उस्तादांनीच उघडायचं. नियम दोनच. पिठ्ठू परवानगीशिवाय खाली टेकवायचा नाही. आणि जो सोडून जाईल त्याचं वजन इथेच राहील, उस्ताद ते उरलेल्यांत वाटतील. "वजन टाकून देता येत नाही," ते म्हणाले. "एकानं खाली ठेवलं की दुसऱ्याला उचलावंच लागतं."

फोन काढून घेतलेत. पत्रं टपालपेटीच्या क्रमांकावर पाठव, तो बाहेरच्या पाकिटावर आहे. दर शनिवारी काट्यावर उभं करतात, आधी पिठ्ठू, मग माणूस. काल पिठ्ठू वीस किलो, मी चौऱ्याऐंशी. काटा आपल्या दुकानातल्यासारखाच आहे, जमिनीवरचा, मोठ्या गोल तबकडीचा. बघून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

निघताना तू विचारलंस, हे या वयात कशाला. मी म्हटलं, सोळा वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून भिंगं घासली, शरीराचा गोळा झाला. ते खरंच आहे. तेवढंच नाही, पण ते तुला माहीत आहे.

तुझा
भोपळ्या


१२ फेब्रुवारी

भोपळ्या,

चोर तो चोर आणि वर शिव्या सविस्तर लिही म्हणतोस. मी तीन दिवस ती वजनं शोधत होते. आपल्या गल्लीत लोक वजनं घटवतात हे ऐकलं होतं, काटे दुरुस्त करणाऱ्याच्याच घरातून वजनं पळवणारा तू पहिला. वीस किलो पाठीवर घेऊन पळायचं आणि वर त्याचे पैसे भरायचे, याला काय म्हणावं? नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीण बाई विचारत होत्या, तुझ्या भावाला सैन्यात घेतलं का गं? मी म्हटलं, नाही हो, सैन्यावर अशी वेळ अजून आलेली नाही.

रविवारी सवयीनं दुकान उघडलं. बापाची खोड लेकीला लागली, नानांसारख्या काट्याला दोन टिचक्या मारल्याशिवाय माझा पाय वर जात नाही, त्या मारल्या, उभी राहिले आणि भिंतीवर लिहिलं: अठ्ठावन्न. तुझा रकाना रिकामा राहिला. आपण दोघं उभे राहायला लागल्यापासून नानांनी एक रविवार चुकवला नव्हता, त्यामुळे ती रिकामी जागा डोळ्यांत खुपली. नानांच्या रकान्यातली शेवटची ओळ मी पुसलेली नाही. एकसष्ट किलो चारशे.

आता तू ज्यासाठी गेलास त्याबद्दल. त्याला अकरा महिने झाले. रुग्णवाहिका खाली उभी होती, आपला जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना, म्हणून तू नानांना पाठीवर घेतलंस आणि चौथ्या मजल्यावरून निघालास. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुझे पाय थांबले. दोन मिनिटं बसलास. दवाखान्यात पोचलो तर नाना गेलेले. कुणीही थांबलं असतं. हे मी तुला शंभरदा सांगितलंय, आता लेखी देते. यासाठी चिखलात लोळायची गरज नाही.

पोटाला नीट खा.

तुझी
ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

बाराचे आठ झालो. आधी बेकरीवाला गेला. त्याला म्हणे पहाटे साडेचारला उठायचा त्रास नव्हता, जन्मभर तेच केलं, पण पिठ्ठू उतरवल्यावरही पाठीवर आहे असं वाटायला लागलं. मग दोघं एकाच दिवशी गेले, मग शाळेचा शिपाई. जाताना कुणी मागे वळून बघत नाही, आणि चालतात मात्र अगदी हलके. पाय जमिनीला लागत नाहीत असे.

त्यांची वजनं उस्तादांनी वाटली. शनिवारी सगळे पिठ्ठू कोठीत नेतात, दार लावतात, तासाभरानं पुन्हा शिवून आणतात. आत काय घातलं ते विचारायचं नाही. माझा आता साडेअठ्ठावीस भरतो. मी साडेपंच्याहत्तर. पँट सुतळीनं बांधतो.

दोरावर चढलो ताई. वरच्या कडीला हात लावला. खाली आल्यावर उस्ताद म्हणाले, "चढणं कुणालाही येतं. उतरणं शिकायचंय तुला." मी त्यांना आपल्या जिन्याबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. भरती होताना कागदावर लिहिलं होतं तेवढंच: नाव, वय, धंदा, चष्म्याचा नंबर.

मला खरंच बरं वाटतंय. झोप गाढ लागते. फक्त सकाळी पिठ्ठू उचलायला जातो तेव्हा तो कोमट असतो. रात्रभर उघड्या पडवीत खुंटीला टांगलेला असतो, बाहेर दव पडतं, आणि पाठीला लागणारी बाजू कोमट. पाठ घामेजली असते तेव्हा बरंच वाटतं म्हणा.

वजनांचे पैसे देईन. मास्तरीण बाईंना सलाम.

तुझा
भोपळ्या (आता दुधी म्हटलंस तरी चालेल)


२६ फेब्रुवारी

भोपळ्या,

दोन आठवड्यांत साडेआठ किलो? लोकांना टायफॉइड होतो तेव्हाही इतकं उतरत नाही. एक तर तुझे उस्ताद थापा मारतायत, नाहीतर काटा बिघडलाय. मी काट्याला दोष देते, कारण काट्यांना मी ओळखते.

जुन्या काट्यात आतली पोलादी धार झिजली की तो मागचं वजन धरून बसतो. नवा माणूस उभा राहिला तरी जुन्याचं थोडं त्याच्यात मिसळतो. नाना म्हणायचे, काट्याला आठवण राहायला लागली की तो भंगारात घालावा. तर नीट वाच आणि सांगते तसं कर. आधी रिकाम्या काट्याची सुई शून्यावर येते का ते पाहा. मग पिठ्ठू काट्याच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीनं ठेव. चारही ठिकाणी आकडा एकच आला पाहिजे. एका जरी कोपऱ्यात फरक पडला तर तो काटा खोटा, आणि तुझं बारीक होणंही खोटं. मग निवांत दोन घास जास्त खा.

कोमट लागतो म्हणजे लोखंडावर दिवसभर ऊन पडत असेल. लोखंड ऊब धरतं. उगाच भुतं उभी करू नकोस, लहानपणी पडद्याला घाबरायचास ते काय कमी होतं?

ताई


८ मार्च

ताई,

तुझी परीक्षा घेतली. काल उस्तादांची परवानगी काढून पिठ्ठू चारही कोपऱ्यांत ठेवला. चारही कोपऱ्यांत त्रेचाळीस. मग माझं वजन. चारही कोपऱ्यांत एकसष्ट. काटा बरोबर आहे.

एकच गोष्ट. पिठ्ठू काढला की सुई झटकन शून्यावर येत नाही. आधी जराशी थांबते, मग सावकाश खाली येते. एखाद्यानं गुडघे सांभाळत काट्यावरून एक पाय खाली टाकावा, मग दुसरा, तशी.

पाच जण उरलोय. आता मैदानातलं काम संपलं. कारखान्याला एक मनोरा आहे, चार मजली, आत लोखंडी कठड्याचा दगडी जिना. पिठ्ठू वर दोरानं चढवून ठेवलेला असतो. आम्ही मोकळे वर जायचं, पिठ्ठू पाठीवर घ्यायचा आणि न थांबता खाली उतरायचं. थांबलं की पुन्हा वर. काल मी सहा वेळा वर गेलो. सहाही वेळा एकाच वळणावर थांबलो. कुठल्या ते सांगायला नको.

आणि एक सांगू की नको असं झालंय. पिठ्ठू पाठीवर घेतला की पट्टे आधी ढिले असतात. मग ते आपोआप गळ्याजवळ येतात, घट्ट होत नाहीत, नुसते धरल्यासारखे. आणि पहिली पायरी उतरायच्या आधी उजव्या खांद्यावर दोनदा टकटक होते. आतलं लोखंड लोखंडावर आपटत असणार. तुझीच दोन वजनं आहेत ती, तुझ्यासारखीच कटकटी.

तुझा
भोपळ्या


११ मार्च

बाळा,

तुझे आकडे मी पाटीवर मांडले. वीस आणि चौऱ्याऐंशी, एकशे चार. साडेअठ्ठावीस आणि साडेपंच्याहत्तर, एकशे चार. त्रेचाळीस आणि एकसष्ट, एकशे चार. मी तीनदा बेरीज केली. पिठ्ठू जेवढा वाढतो तेवढाच तू कमी होतोस. दुसऱ्याचं वजन तुझ्या पिठ्ठूत भरत असते तर तू का घटावंस? बावीस वर्षं मी काटे दुरुस्त करते आहे. एका पारड्यातलं काढून दुसऱ्या पारड्यात टाकलं तरच बेरीज अशी जागची हलत नाही.

मला घाबरट म्हण, काही म्हण, पण घरी ये. इथे काम फार साचलंय. माझी कंबर धरली आहे, वाकता येत नाही, आणि मोठे काटे उचलायला कुणी नाही. एवढं शिकलास तेवढं पुरे. सोडून आलास म्हणून कुणी हसणार नाही, मी तर मुळीच नाही. पत्र मिळाल्याबरोबर नीघ.

तुझी
ताई


१५ मार्च

ताई,

तुझी कंबर धरलेली नाही. तू खोटं लिहितेस तेव्हा अक्षर सुबक येतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. आजारपणाच्या चिठ्ठ्या तूच लिहून द्यायचीस.

काल पिठ्ठू सव्वाबावन्न. मी पावणेबावन्न. हो, एकशे चार. मी पण बेरीज केली होती, तुझ्या आधी. तुला सांगितली नाही कारण तू नीघ म्हणाली असतीस.

आता खरं लिहितो. पिठ्ठूत काय आहे ते मला कळलंय. गळ्याजवळ पट्टे कसे येतात ते कळलंय, आणि दोन टिचक्या कुणाच्या ते तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला भीती वाटत नाही. उलट मी रोज पहाटेची वाट बघतो. एकदा उतरवायचे राहिले होते, आता पुन्हा मिळालेत. असं कुणाला मिळतं? त्या दिवशीही अंग असंच कोमट होतं. मी त्यांना म्हणत होतो, आलं नाना, आलं, एकच मजला. आणि बसलो. बसलो ते मास्तरीण बाईंनी आणलेल्या खुर्चीवर, ताई. त्यांना मांडीवर घेऊन मी पाणी प्यालो. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही.

तिघंच उरलोय. २८ तारखेला, शनिवारी, अकरा वाजता शेवटचं उतरणं. पिठ्ठू किती भरेल ते मला माहीत आहे, तुलाही. माझे हिशेबानं बेचाळीस सहाशे राहतील. उस्ताद म्हणाले, तेवढ्यात उतरता येतं, मग पुढचं पुढे.

एक विचारायचं होतं. काल पडल्या पडल्या दुकानातली भिंत आठवत होतो. नानांची शेवटची ओळ बुधवारची आहे. तारीखही ते गेले त्याच दिवसाची. आपण तर रविवारी वजन करतो. बुधवारी का केलं होतं?

तुझा
भाऊ


१८ मार्च

भाऊ,

अक्षर वेडंवाकडं येतंय, तसंच लिहिते.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नाना खाली दुकानात आले. मी एका वाण्याचा काटा उघडून बसले होते, हात ग्रीसनं माखलेले. ते म्हणाले, "छातीत जड जड वाटतंय गं." मी मान वर केली नाही. हसले. म्हटलं, "जड वाटतंय तर उभे राहा काट्यावर, बघू किती जड झालात ते." ते उभे राहिले. दोन टिचक्या मारल्या आणि उभे राहिले. एकसष्ट किलो चारशे. रविवारी होतं तेवढंच. मी म्हटलं, "एक ग्रॅम वाढला नाहीत नाना. काटा खोटं बोलत नाही." तेही हसले. जन्मभर तेच तर वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं त्यांनी. मी हात पुसले आणि भिंतीवर लिहिलं. मग ते चार जिने चढून वर गेले. मी चढू दिलं.

दुसरं कुठलंही घर असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. मी माणसाला काट्यावर उभं केलं.

तू दोन वाजता त्यांना खुर्चीतून उचललंस. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ते त्याच्या तासभर आधीच गेले होते. बसल्या जागी, शांतपणे. अंग कोमट होतं म्हणून तुला कळलं नाही. तू दुसऱ्या मजल्यावर थांबलास, दोन मिनिटं काय दोन तास थांबला असतास तरी काही बिघडणार नव्हतं. उडत उतरला असतास तरी काही साधणार नव्हतं. तू प्यालास ते पाणी तुझ्या हक्काचं होतं.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, सकाळी बरे होते ना? त्या प्रश्नाला मी भ्याले. तू रात्री उठून जिन्यात जाऊन बसायचास, मी दाराआडून बघायचे आणि परत झोपायचे. माझं होतं ते तुझ्या पाठीवर राहू दिलं. वर तुला लेखी लिहून दिलं, कुणीही थांबलं असतं. केवढं सुबक अक्षर आलं होतं ते.

तुझ्या पाठीवर जे आहे ते तुझं नाही. खाली ठेव. उस्ताद रागावले तर रागावू देत. तू मला हवा आहेस, चौऱ्याऐंशी किलोचा.

ताई


२४ मार्च

भाऊ,

पत्र मिळालं का? रोज टपालवाल्याची वाट बघते.

काल न राहवून गाडी पकडली आणि त्या टपालपेटीच्या गावी गेले. टपाल कचेरीतल्या बाईंना विचारलं, ही पेटी कुणाची, कारखाना कुठे आहे. त्या म्हणाल्या, साबणाचा कारखाना होता खरा, पण पाडून तिथे किती तरी वर्षं मोकळं मैदान आहे. पत्रं मात्र एक माणूस येऊन घेऊन जातो. बोलत नाही. पाठीवर ओझं असतं आणि ते काउंटरवर कधी टेकवत नाही.

मी मैदानात जाऊन आले. काही नव्हतं. साबणाचा वास होता.

नुसतं मिळालं एवढं लिही.

ताई


२९ मार्च

ताई,

तुझं १८ तारखेचं पत्र मला २१ तारखेलाच मिळालं होतं. फोडलं नाही. तू ये म्हणशील आणि माझे पाय वळतील म्हणून शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. काल ते खिशात घेऊनच मनोऱ्यावर चढलो.

मी एकटाच उरलो होतो. पिठ्ठू एकसष्ट चारशे भरला. माझं वजन वाचायला मी थांबलो नाही. वर पिठ्ठू उभा होता. टांगलेला नाही, उभा. पाठीवर घेतला, पट्टे गळ्याजवळ आले, टकटक झाली, आणि मी निघालो. चौथा मजला उतरलो. तिसरा उतरलो. डोळ्यांपुढे पांढरं पांढरं येत होतं आणि हातांची हाडं मोजता येत होती, पण मी उतरत होतो. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय थांबले. पुन्हा तिथेच, ताई. आठ आठवडे, एवढं सगळं करून, तीच पायरी.

मग म्हटलं, थांबलोच आहे तर पत्र वाचू. पायरीवर बसलो. पिठ्ठू पाठीवरच होता, मानेशी टेकलेला. तोही वाचतोय असं वाटलं. अक्षर इतकं वाईट होतं की पहिल्या ओळीतच कळलं, खरं लिहिलंय.

मी तुझ्यावर रागावलो. आजही रागावलेला आहे. अकरा महिने मी त्या जिन्यात बसायचो आणि तू दाराआड होतीस. हे लिहिताना पुन्हा राग येतोय. पण राग आला आणि त्याबरोबर श्वासही आला, पोटापर्यंत. बऱ्याच दिवसांनी. मी पट्टे सोडवले. ते सहज सुटले. पिठ्ठू मी त्या पायरीवर टेकवला, भिंतीला नीट टेकून बसवला, आणि म्हटलं, नाना, मी इथपर्यंतच. मग उतरलो. दोन मजले मी एका दमात उतरलो आणि हसत होतो की रडत होतो ते आठवत नाही.

उस्ताद खाली घड्याळ घेऊन उभे होते. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी रिकामी पाठ बघितली, घड्याळ खिशात टाकलं. माझ्याबरोबर वर आले आणि दाभणानं सुतळी तोडली. आत तुझी दोन लोखंडी वजनं होती. बाकी काही नाही. मी विचारलं, एकेचाळीस चारशे कुठे गेलं? ते म्हणाले, "ती दोन तुझ्या घरची वजनं, तुझी तू ने. ओझं वेगळं होतं, ते तुझं नव्हतं. खाली ठेवलंस ना? मग गेलं असेल ज्याचं त्याच्याकडे." आणि काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. पँट फाटायच्या बेतात आली आहे.

अजून चार-पाच दिवस रागावून घेतो, मग येतो. वजनं आणतोय.

तुझा
भोपळ्या


२ एप्रिल

भोपळ्या,

ये. रागावलेलाच ये, इथे रागावायला जागा आहे.

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कुठल्याशा काट्याखाली वाकले होते. उठायला गेले तर उठता येईना. वाटलं, खोटं खोटं लिहिलेली कंबर खरीच धरली. मग गळ्याशी काहीतरी आलं. घट्ट नाही, नुसतं धरल्यासारखं. उजव्या खांद्यावर दोन टिचक्या.

रविवारी काट्यावर उभी राहिले. एकशे एकोणीस किलो चारशे. काटा तपासला, भोपळ्या. रिकामा शून्यावर होता. चारही कोपऱ्यांत उभी राहिले, चारही ठिकाणी तेवढंच. काटा बरोबर आहे. मी उतरल्यावर सुई जराशी थांबते आणि मग सावकाश खाली येते. गुडघे दुखायचेच त्यांचे.

भिंतीवर माझ्या रकान्यात अठ्ठावन्न लिहिलं. एकसष्ट चारशे त्यांच्या रकान्यात, बुधवारच्या ओळीखाली. वर्षभरानं तिथे नवी ओळ आली.

तू लगेच म्हणशील, अर्धं मला दे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. देणार नाही. त्या दिवशी सकाळी मीच त्यांना हात देऊन वर न्यायला हवं होतं, नाहीतर खाली बसवून ठेवायला. आता रोज नेते आणि आणते. ऊब असते पाठीला. दुकानात मी काही चुकीचं जोडलं तर टिचकी बसते, तेवढा त्रास आहे.

चढायला जमतं. धरत धरत, पण जमतं. उतरताना मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय अडतात. काल मास्तरीण बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पाठीकडे पाहिलं, आणि खुर्ची आणून ठेवली. दोन पेले पाणी आणलं.

अक्षर लागत नसेल तर माफ कर. हात टेकवायला फार वेळ मिळत नाही.

तू आठ आठवडे शिकला आहेस. त्या वळणावर आधी कुठला पाय टाकायचा, तेवढं ये आणि मला सांग.

तुझी
ताई